रेडीमेड चाळिशी: घ्या, पण एकेक डोळा झाकून बघूनच

मेडिकलच्या काउंटरवर 100-200 रुपयांत मिळणारा वाचायचा चष्मा त्याच्या कामापुरता चांगला आहे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं अक्षर पुसट दिसतं; तेवढंच तो स्पष्ट करतो. लांबचं अंधूक दिसत असेल तर त्याचा उपयोग नाही.

पेपर 40 सेंटिमीटरवर धरा. बारीक अक्षर ज्या सर्वांत कमी नंबरात नीट वाचता येतं, तोच घ्या. पंचेचाळिशीच्या आसपास बहुतेकांना +1 ते +1.5 पुरतो. उगाच +2.5 घेतला की पेपर जवळ ओढावा लागतो.

खरी उणीव अशी, की दोन्ही काचांना एकच नंबर असतो आणि सिलिंडरचा नंबर (बुबुळाच्या असमान गोलाईमुळे लागणारा) नसतोच. एका डोळ्याने अक्षर फिकट किंवा दुहेरी दिसलं तर चष्मा परत ठेवा आणि तपासून बनवून घ्या. काचांच्या मध्यबिंदूंमधलं अंतरही ठरावीक असतं. ते डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळलं नाही की डोकं जड होऊ शकतं.

दुकानात जाण्याआधी जाड कागदाला टाचणीने भोक पाडून, एक डोळा झाकून त्यातून बघा. स्पष्ट दिसलं तर दोष बहुधा नंबरचा. नाहीच दिसलं तर मोतीबिंदू किंवा पडद्याची तपासणी हवी. मधुमेह असेल तर आधी साखर काही आठवडे स्थिर होऊ द्या, कारण ती वरखाली झाली की नंबरही हलतो. आणि एका डोळ्याची नजर अचानक गेली तर त्याच क्षणी डॉक्टर गाठा.