एक बाजू निघणारी लाकडी खाट: चार महिने वापरून सांगतो

आम्ही कराडचे. मी महावितरणच्या उपकेंद्रात ऑपरेटर, बायको शिक्षिका. २०२१ साली मूल दत्तक घेण्यासाठी ‘कारा’च्या (दत्तक प्रक्रिया पाहणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर नाव नोंदवलं, गृहभेट झाली आणि साडेतीन वर्षं वाट पाहिल्यावर विदर्भातल्या एका संस्थेतली लेक आमच्या वाट्याला आली. होकार कळवायला ४८ तास देतात, आम्ही दहा मिनिटांत कळवला. घरी आली तेव्हा ती पाच महिन्यांची होती.

तिला नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने आणलं. जवळजवळ अख्खा दिवसरात्रीचा प्रवास. डब्यात दिवे, चहावाल्यांची ये-जा, चाकांचा खडखडाट, आणि ही गाढ झोपलेली. आम्ही खूश. घरी पहिल्या रात्री बायकोने खोली छान अंधारी केली, कुणी मोठ्याने बोलायचं नाही अशी ताकीद दिली. रात्रपाळीच्या सवयीने मला अडीचला जाग आली. पाहतो तर बाळ टक्क जागं. मूठ तोंडाशी, डोळे छताकडे, हूं नाही की चूं नाही. कधीपासून जागी होती, देव जाणे.

दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. माझी आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची, “गुणाची गं बाई, रात्रभर रडत नाही.” डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. संस्थेत एका खोलीत आठ-दहा पाळणे, रात्रभर ट्यूबलाइट आणि पंखा, मावश्या पाळीपाळीने. त्या जीव लावतात, पण हात दोनच. दूध घड्याळाच्या काट्यावर. रडून कुणी लगेच येत नाही हे बाळाला कळलं की ते हळूहळू रडणं सोडतं. “सलग झोपेचं नंतर बघू,” डॉक्टर म्हणाले, “आधी तिने तुम्हाला हाक मारायला शिकू दे.”

खाट घेतली ती या कारणासाठी. तोवर घरात दोन गोष्टी आल्या होत्या. आत्याने दिलेली मोटारीची झोळी, ज्यात ठेवलं की पोर लाकडासारखी ताठ व्हायची. जन्मापासून सपाट पाळण्यात झोपलेलं मूल ते. शिवाय झोळीत रात्रभर झोपवू नका, मान पुढे झुकून श्वासाला अडथळा होतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसरी राईची उशी. तीही काढायला लावली. उताणं, सपाट, घट्ट गादीवर, आजूबाजूला उशी-खेळणं-पांघरूण काही नाही, एवढंच. आणि बाळ आमच्याच खोलीत, पण स्वतःच्या जागेवर.

खाट कोल्हापूरच्या एका दुकानातून १४,५०० रुपयांना घेतली. रबरवुडची, आतून चार बाय दोन फूट, गादीची उंची तीन टप्प्यांत बदलता येते. एका बाजूचा कठडा चार बोल्ट काढले की निघतो आणि खाट मोठ्यांच्या पलंगाला पट्ट्याने घट्ट बांधता येते. गजांमधलं अंतर मी टेपने मोजलं, साडेपाच सेंटिमीटर. सहाच्या वर असेल तर घेऊ नका. रंग नाही, नुसतं घासलेलं लाकूड, हे फार बरं झालं. आता दात येताहेत आणि कठड्यावरच चावे चाललेत.

आता तक्रारी. सोबत ‘फुकट’ आलेली गादी अगदी टाकाऊ. मूठ दाबली तर खळगा तसाच राहिला. अशा मऊ गादीवर बाळ पालथं झालं तर नाक रुततं. लहान मुलांच्या सामानाच्या दुकानाने अशी गादी द्यावीच कशी? फोन केले, उचलले नाहीत. शेवटी इथल्या गादीवाल्याकडून काथ्याची गादी मापाने करून घेतली, कडेला बोटही जाणार नाही अशी. पट्टाही आखूड होता. आमचा पलंग जुना, जाड पायांचा. पलंग आणि खाट यांत दोन बोटं फट राहत होती आणि त्या फटीत बाळ अडकू शकतं. लांब पट्टा मिळेपर्यंत चार रात्री आम्ही कठडा काढलाच नाही.

पाचव्या रात्री काढला. खाटेच्या बाजूला मी झोपलो. माझा हात उचलायचीसुद्धा गरज नव्हती, नुसता सरकवला की तिच्या पोटावर. डोळे उघडे दिसले की हात ठेवायचा, “आहे गं, आहे,” म्हणायचं. पहिले काही दिवस ती हाताकडे बघायचीही नाही. मग एका रात्री करंगळी धरली. इतकी घट्ट, की माझ्या बोटाचं टोक पांढरं पडलं, आणि तशीच धरून झोपली. मी पहाटेपर्यंत कूस बदलली नाही.

बाकी जे केलं तेही सांगतो, कारण खाट एकटी काही करत नाही. संस्थेने दुधाच्या वेळा कागदावर लिहून दिल्या होत्या. तीच पावडर, तसंच बूच, रात्री तीनची बाटलीही तशीच ठेवली. बाटली आम्ही दोघंच पाजायचो, मांडीवर घेऊन. आत्या रुसली, रुसू दे. संस्थेतून आलेलं दुपटं महिनाभर धुतलं नाही, दिवसा तिच्याजवळ ठेवायचो. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून रात्रभर चालू. दिवा ट्यूबलाइटवरून टेबललॅम्प, मग झिरोचा बल्ब, असा तीन आठवड्यांत उतरवला.

‘रडू द्या, दार लावून घ्या, चार दिवसांत सवय लागते’ असा सल्ला भरपूर मिळाला. या मुलांना तो चुकूनही लावू नका. कुणी येत नाही, हे ती आधीच शिकून आलेली असतात.

सहाव्या आठवड्यात रात्री पावणेतीनला ती रडली. कुरकुर नाही, घसा फोडून. माझी आई घाबरून धावत आली, बायको बाळाला छातीशी धरून स्वतःच रडायला लागली. मी बाटली करायला गेलो तर पावडरचे चमचे मोजताना दोनदा चुकलो.

त्यानंतर झोप आपोआप लांबली. वजन नीट वाढतंय बघून डॉक्टरांनी तीनची बाटली हळूहळू कमी करायला सांगितली. आता नऊ महिन्यांची आहे. साडेनऊला झोपते, बहुतेक रात्री पाचपर्यंत. दाताच्या दिवसांत दोनदा उठते, हाक मारते, आम्ही जातो.

खाटेला पाचपैकी चार, गादीला शून्य. मूल धरून उभं राहायला लागलं की गादी सगळ्यात खालच्या टप्प्यावर घ्यायची आणि कठडा परत लावायचा. आम्ही गेल्या रविवारी लावला. आता ती गजांमधून हात बाहेर काढून माझी उशी ओढते. बोल्ट दर आठवड्याला आवळा, ढिले होतात. आणि त्यांची चावी खाटेखालीच टेपने चिकटवून ठेवा, नाहीतर नेमकी गरजेला सापडत नाही.