केर्न्समध्ये सेकंडहँड व्हॅन घेणार असाल तर आधी हे वाचा

ऑस्ट्रेलियात केर्न्सला आम्ही दोघी मैत्रिणींनी एक जुनी व्हॅन घेतली आणि त्यात आमचे 5200 डॉलर, म्हणजे आपले जवळजवळ तीन लाख रुपये गेले. विकणाऱ्याने दाखवलेला एकही कागद बनावट नव्हता, गाडी चोरीची नव्हती, इंजिन ठणठणीत होतं, त्यांच्या आरटीओसारख्या ऑफिसात गाडी माझ्या नावावर रीतसर झाली, आणि तरीही एका सकाळी ती रस्त्यावरून उचलून नेली आणि नेणारे कायद्याने बरोबर होते. हे सगळं कसं घडतं ते सविस्तर लिहितेय, कारण 2024 पासून भारतीयांना तो 462 नंबरचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा मिळायला लागलाय, 18 ते 30 वयाच्यांना, वर्षाला फक्त 1000 जागा आणि त्याही लॉटरीने, त्यामुळे ज्याचा नंबर लागतो तो एफडी मोडून, घरच्यांकडून घेऊन कसेतरी पैसे उभे करून जातो. व्हिसासाठी खात्यात साधारण 5000 डॉलर दाखवावे लागतात. म्हणजे आमचे गेले ते जवळपास तेवढेच, बिचारी बरीच मुलं एवढ्याच पैशावर तिकडे उतरतात.

केर्न्सच का, तर या व्हिसावर दुसरं वर्ष मिळवायचं असेल तर ठराविक भागात ठराविक काम तीन महिने करावं लागतं, आणि उत्तर ऑस्ट्रेलियात हॉटेल, कॅफे, हॉस्टेलचं कामसुद्धा त्यात धरतात. केर्न्स त्यात बसतं. शिवाय गाव भलतंच जिवंत आहे, ग्रेट बॅरियर रीफच्या बोटी इथूनच सुटतात, सगळ्या जगातली पोरं पाठीवर बॅग घेऊन फिरत असतात, शुक्रवार ते रविवार रस्टीज मार्केट भरतं तिथे आंबे, फणस, पपई, कढीपत्तासुद्धा मिळतो. गावाला पोहण्यासारखा बीच नाही, समोर चिखल आणि मगरींच्या पाट्या, म्हणून एस्प्लनेडवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, मोठ्ठा फुकट लगून, म्हणजे पोहायचा तलाव, बांधलाय, सगळं गाव संध्याकाळी तिथेच. मला ते शहर मनापासून आवडलं आणि अजूनही आवडतं, हे आधीच सांगते.

पण शेतावरचं काम हवं असेल, इनिसफेल-टलीकडे केळीचं नाहीतर मरीबाकडे आंब्याचं, तर गाडीशिवाय अवघड आहे, बस धड नाहीत. आणि ब्रिस्बेनहून निघालेला 1700 किलोमीटरचा ब्रूस हायवे केर्न्सला संपतो, म्हणून पूर्व किनारा फिरून आलेले लोक आपापल्या व्हॅन इथेच विकतात आणि विमान पकडतात. हॉस्टेलच्या बोर्डावर, ऑनलाइन ग्रुपवर, रोज नवीन जाहिरात. आतमध्ये प्लायवूडचा बेड, खाली ड्रॉवर, दोन बर्नरचा गॅस, पडदे, बर्फाची पेटी, खुर्च्या, सगळं त्या किमतीत. त्यातले बहुतेक लोक सरळच असतात. आम्हाला भेटलेला तसा नव्हता.

तो युरोपातला, तीन-चार वर्षं ऑस्ट्रेलियात काम केलेला, बोलायला अतिशय गोड. संध्याकाळी एस्प्लनेडवर भेटलो, तिथल्या झाडांवर त्या वेळेला रंगीत लोरिकीट पोपटांचा इतका कलकलाट असतो की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, तर म्हणाला चला गाडीतच बसू. पाम कोव्हपर्यंत चालवायला दिली, समुद्राकडेने जाणारा कॅप्टन कुक हायवे, आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, गाडीने कुठे कुरकुर केली नाही. क्वीन्सलँडमध्ये रजिस्टर असलेली गाडी विकायला काढली की सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, खासगी विकणाऱ्याचं ते 2 महिने किंवा 2000 किलोमीटर चालतं, तेही त्याच्याकडे ताजं होतं. रजिस्ट्रेशन, ज्याला तिकडे सगळे रेगो म्हणतात, त्याच्याच नावाचं. लायसन्सवरचं नाव तेच. आम्ही सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून रेगो चालू आहे का बघितलं, ते फुकट बघता येतं, चालू होतं.

मग त्याने स्वतःहून, आम्ही न विचारता, मोबाईल काढून पीपीएसआर नावाच्या सरकारी रजिस्टरचा रिपोर्ट दाखवला. गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का, अपघातात राइट-ऑफ, म्हणजे मोडीत काढण्याजोगी, झालीय का, हे सांगणारं ते सरकारी सर्टिफिकेट. कर्ज नाही, चोरी नाही, राइट-ऑफ नाही. आणि गाडीचा 17 अक्षरांचा व्हीआयएन, आपल्याकडे ज्याला आपण चासी नंबर म्हणतो तसा, मी बॉनेटखाली बघून एकेक अक्षर जुळवला, जुळला. स्क्रीनशॉट मला पाठवला पण. आता तो स्क्रीनशॉट उघडून बघितला की दिसतं, वरची कड कापलेली आहे. अगदी बोटभर. जिथे सर्च केल्याची तारीख आणि वेळ असते बरोबर तेवढीच पट्टी नाही. त्याने ते सर्टिफिकेट काढलं तेव्हा गाडीवर खरंच कर्ज नव्हतं, नंतर त्याने हीच गाडी तारण ठेवून एका कंपनीकडून पैसे उचलले, कर्जाची नोंद रजिस्टरवर पडली, आणि मग जुनं सर्टिफिकेट दाखवून गाडी विकायला काढली. दोन्हीकडून पैसे घेतले आणि विमानात बसला.

परवा फ्लाइट आहे, बँक अकाउंट बंद करतोय, त्यामुळे कॅशच द्या, असं त्याचं म्हणणं, आणि जाणाऱ्या बॅकपॅकरच्या तोंडी हे इतकं साहजिक वाटतं की त्यात खटकण्यासारखं काही नाही, खरोखर जाणारे लोकही हेच बोलतात. आम्ही पावती लिहून घेतली, सही घेतली, लायसन्सचा फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून ट्रान्सपोर्ट ऑफिसला गेलो, फॉर्म भरला, चार सिलिंडरच्या गाडीला शंभर डॉलरमागे तीन डॉलर ड्युटी असते ती भरली, गाडी माझ्या नावावर. काउंटरवरच्या बाईंनी हसून अभिनंदन केलं. मैत्रिणीने तिथेच आईला व्हिडिओ कॉल लावून गाडी दाखवली.

आणि आपण भारतीय नेमके इथेच अडकतो, म्हणून हे लक्ष देऊन वाचा. आपल्याकडे गाडीवर कर्ज असेल तर आरसीवरच हायपोथिकेशन म्हणून बँकेचं नाव छापलेलं असतं, ते उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो, त्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला आरटीओत अडतं. त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की नावावर झाली म्हणजे गाडी मोकळी. ऑस्ट्रेलियात तसं अजिबात नाही. तिथे रेगोच्या कागदावर कर्जाचा उल्लेखच नसतो, रेगो म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी आणि जबाबदार कोण त्याची नोंद, मालकीचा पुरावा नाही. ट्रान्सपोर्ट ऑफिसवाले कर्ज तपासत नाहीत, ते त्यांचं कामच नाही. कर्जाची नोंद वेगळ्या राष्ट्रीय रजिस्टरवर असते, तेच पीपीएसआर, 2012 पासून सुरू आहे. आणि कर्ज नुसतं माणसामागे जात नाही, गाडीबरोबरही जातं. गाडी ज्याच्या हातात, त्याच्याकडून कंपनी ती उचलू शकते, त्याने पूर्ण पैसे मोजले असले तरी.

आमची उचलली ती भल्या पहाटे, हॉस्टेलसमोरच्या रस्त्यावरून. मी कॅफेच्या शिफ्टला निघाले तर जागा रिकामी, खाली फक्त तेलाचा डाग. चोरी झाली म्हणून 131 444 वर पोलिसांना फोन केला, इमर्जन्सी नसलेल्या तक्रारींसाठी क्वीन्सलँड पोलिसांचा तो नंबर आहे, तिकडच्या माणसाने गाडीचा नंबर विचारला, थोडा वेळ थांबला आणि म्हणाला की ही चोरी नाही, जप्तीची नोंद आहे. जप्ती हा शब्द कळायलाच मला वेळ लागला कारण आम्ही कुणाचं एक डॉलरही देणं लागत नव्हतो. नंतर कंपनीशी बोलणं झालं, त्यांनी सांगितलं उरलेलं कर्ज, व्याज आणि गाडी उचलायचा खर्च भरा आणि घेऊन जा. तो आकडा जवळजवळ आम्ही गाडीला दिला तेवढाच होता. गाडीत आमचे कुकर, स्लीपिंग बॅग, मैत्रिणीचे सेफ्टी बूट होते, ते मात्र यार्डात जाऊन परत मिळाले. सामान तुमचंच असतं, ते ठेवून घ्यायचा त्यांना हक्क नाही, हे मागायला लाजू नका.

आता हे टाळायचं कसं, तर फक्त 2 डॉलरचं काम आहे. पीपीएसआरच्या सरकारी साइटवर स्वतः सर्च करायचा, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट एयू आहे का ते बघून, कारण गुगलवर वरती ज्या जाहिराती येतात त्या खासगी साइट्स त्याच माहितीचे कितीतरी जास्त पैसे घेतात. सर्च गाडीच्या नंबरप्लेटवर नाही, व्हीआयएनवर करायचा, आणि तो व्हीआयएन विकणाऱ्याने पाठवलेला नको, गाडीच्या पत्र्यावरून स्वतः वाचलेला हवा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दिवस. ज्या दिवशी सर्च केला त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पैसे देऊन गाडी घेतली आणि सर्टिफिकेट स्वच्छ असेल, तर नंतर कुणी कर्ज घेऊन उभं राहिलं तरी कायदा तुमच्या बाजूने असतो. गेल्या आठवड्यातल्या सर्टिफिकेटला ते संरक्षण नाही. दुसऱ्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटला तर काहीच किंमत नाही, तो कितीही खरा असला तरी. विकणाऱ्यासमोर उभं राहून मोबाईलवर करा, पाच मिनिटं लागतात, प्रामाणिक माणूस आरामात थांबतो. सर्टिफिकेटची पीडीएफ स्वतःच्या मेलवर घ्या.

कॅश देऊ नका असं मी म्हणणार नाही, कारण खरंच जाणाऱ्यांना कॅश हवी असते आणि पुष्कळ व्यवहार तसेच होतात, पण बँक ट्रान्सफरचा आग्रह धरलात तर निदान पैसे कुठल्या खात्यात गेले ते सांगता येतं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या प्लेटची व्हॅन असेल तर लोक खूश होतात कारण नावावर करायला तपासणी लागत नाही, त्यांनीसुद्धा हा सर्च करायचाच, पीपीएसआर सगळ्या देशाचं एकच आहे. आणि एक लक्षात ठेवा, रेगोमध्ये जो विमा येतो तो फक्त माणसांना झालेल्या इजेचा, समोरच्याची गाडी ठोकली तर त्यातून काही मिळत नाही, तो वेगळा घ्या.

आमच्या प्रकरणात पोलिसांनी तक्रार घेतली, पावती, लायसन्सचा फोटो, सगळे मेसेज आणि तो कापलेला स्क्रीनशॉट त्यांना दिलाय. स्कॅमवॉच या फसवणुकीच्या तक्रारींच्या सरकारी साइटवरही नोंद केली. क्वीन्सलँडमध्ये क्यूकॅट नावाचं लवाद आहे, तिथे 25000 डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवाय लढता येतात, पण समोरच्याला कागद पोचवायला त्याचा पत्ता लागतो आणि आमच्याकडे असलेला पत्ता एका शेअर घराचा होता, तिथून तो कधीच निघून गेलेला. लीगल एडच्या वकिलांनी फुकट सल्ला दिला, नीट ऐकून घेतलं, पण कंपनीच्या नोंदीत काही चूक सापडली नाही. मैत्रीण आता एका केळीच्या शेतावर आहे जिथे मालकच राहायची सोय करतो आणि शनिवारी सगळ्यांना गावात सोडतो. मी केर्न्सलाच. हॉस्टेलमध्ये कुणी नवीन भारतीय, नेपाळी, कुणीही व्हॅन बघायला निघालं की मी त्यांच्याबरोबर जाते आणि बॉनेट उघडून व्हीआयएन स्वतः वाचते. मागच्या आठवड्यात एका व्हॅनवर कर्ज निघालं. विकणारी म्हणाली तिला माहीत नव्हतं, आणि मला वाटतं तिला खरंच माहीत नसावं.