बुखारेस्ट ते तर्गोविश्ते एक दिवसाची टूर: गाइडबाई अव्वल, जेवण नापास

लेक-जावई रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टला असतात, त्यांनी ही टूर काढून दिली. मी सैन्यात हेडक्लार्क होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे बाकीचे फोटो काढत होते तेव्हा मी बाईंना प्रश्न विचारून भंडावत होतो. टूर कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

गाडी वेळेवर आली. आधी क्रांती चौक. लोक उठले तेव्हा कम्युनिस्ट पक्षाच्या मुख्यालयाच्या गच्चीवरून २२ डिसेंबर १९८९ ला हुकूमशहा चाउशेस्कू आणि त्याची बायको हेलिकॉप्टरने पळाले. त्याच सकाळी संरक्षणमंत्री जनरल मिल्या गोळी लागून मेला. चौकशीत आत्महत्या ठरली, पण बाई म्हणाल्या, आमच्याकडे दोन माणसं भेटली की यावर तीन मतं. जनरल स्तन्कुलेस्कूचा किस्सा तर ऐकण्यासारखा. उठाव जिथे सुरू झाला त्या तिमिशोआरा शहरात लोकांवर गोळीबार झाला तेव्हा हा तिथे होता. बुखारेस्टला परतल्यावर त्याने धडधाकट पाय प्लास्टरमध्ये घालून घेतला, म्हणजे पुढचा हुकूम पाळायला नको! सिक रिपोर्टवाले बहाद्दर मी ढिगाने पाहिलेत, पण जनरल प्रथमच ऐकला. पुढे त्यानेच फौजा बराकीत परत बोलावल्या, चाउशेस्कूवर खटला उभा केला, नंतर संरक्षणमंत्रीही झाला. तिमिशोआराबद्दल शिक्षा झाली ती २००८ साली.

तिथून तर्गोविश्ते साधारण ८० किलोमीटर. वाटेत बाईंनी जुन्या फौजेची हकिकत सांगितली. सक्तीच्या भरतीची पोरं बंदुकीपेक्षा फावडंच जास्त धरायची: शेतातली कापणी, डोंगरातला ट्रान्सफगराशान रस्ता, राजधानीतला तो अवाढव्य महाल. लाड व्हायचे सेकुरिताते या गुप्त पोलिसांचे. फौज ऐनवेळी का फिरली, ते मला इथे उमगलं.

पकडल्यावर नवराबायकोला तर्गोविश्तेच्या ज्या लष्करी बराकीत ठेवलं, तिथे २०१३ पासून संग्रहालय आहे. चाउशेस्कू जोडपं जिथे झोपलं त्या लोखंडी खाटा आहेत, खटल्याच्या खोलीत टेबलं मांडलेली आहेत, आणि बाहेर भिंतीवर गोळ्यांच्या खुणा. २५ डिसेंबरला सगळं कोर्ट तासाभरात आटोपलं आणि लगेच पॅराट्रूपर्सनी गोळ्या घातल्या. मी कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद टाइप केलेत. स्टोअरमधली ब्लँकेटं कमी भरली तरी आमच्याकडे आठवडा मोडायचा. माणूस जुलमी होता हे कबूल, पण याला खटला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो भाग टूरच्या माहितीपत्रकात नाहीच, विचारावा लागतो. चाउशेस्कू पळाल्यानंतरच जास्त माणसं मेली. २३ तारखेला बुखारेस्टच्या ओतोपेनी विमानतळावर कुमक म्हणून आलेल्या जवानांवर आपल्याच फौजेने गोळ्या झाडल्या, सुमारे ४० जवान गेले. हुकूम कुणाचा, शत्रू कोण, कुणाला पत्ता नाही. मी विचारलं, "मग फौज सरकारच्या ताब्यात कधी आली?" बाई हसल्या. १९९४ पर्यंत संरक्षणमंत्री जनरलच असायचे. पहिला बिगरलष्करी मंत्री गेओर्गे तिंका. नाटोत जायचं तर हे करणं भागच होतं. २००४ ला प्रवेश मिळाला, २००७ पासून सक्तीची भरती बंद. मी सातारचा. कऱ्हाडचे यशवंतराव वर्दी न घालता १९६२ ला संरक्षणमंत्री झाले, त्यात आम्हाला कधी काही नवल वाटलं नाही. त्या गाडीत बसून वाटलं.

आता तक्रार. 'जेवणासह' म्हणून पैसे घेतात आणि गार सूप, पाव देतात. शाकाहारी आधी कळवूनही सुपात मांस निघालं. संग्रहालयाचं तिकीट वेगळं काढावं लागलं, हे बुकिंगच्या वेळी सांगत नाहीत. बाईंना पाचपैकी पाच, कंपनीला दोन. डबा सोबत न्या आणि पुढची सीट धरा, मागे माइक नुसता खरखरतो.