पालक-मेथी ठेवायला पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी बरी, की ओलं फडकं?

दोन्ही करून झालंय. आधी कितीतरी वर्षं पन्नी, आता फडकं. आमच्याकडे इंदूरात रविवारी चोइथराम मंडीतून, म्हणजे भाजीबाजारातून, एकदम तीन-चार जुड्या येतात आणि त्या शुक्रवारपर्यंत पुरवायच्या असतात, फ्रिज दोन्हीला लागतोच, ते धरूनच चाला.

पन्नीचं एक मान्य करावंच लागेल, दिसायला भाजी तिच्यातच छान राहते. पानाच्या पेशीत पाण्याने भरलेली रिक्तिका, म्हणजे एक पिशवीच असते, शाळेत आकृती काढली असेल, ती टम्म भरलेली तोवर पान ताठ. पन्नीतून ओल बाहेर जात नाही त्यामुळे तिसऱ्या दिवशीही जुडी आत्ता आणल्यासारखी. फडक्यातली दुसऱ्याच दिवशी मान टाकते, आणि मे महिन्यात फडकं परत भिजवायचं राहिलं तर विचारूच नका.

पण मान टाकलेल्या पालकाला अर्धा-पाऊण तास थंड पाण्यात बुडवून बघा, पेशीचं पटल, म्हणजे तिचं पातळ आवरण शाबूत असलं की पाणी परत आत शिरतं आणि पान उठून बसतं. पन्नीतली भाजी बिघडते ती वेगळीच. तोडलेलं पानही श्वास घेतच असतं, त्याची वाफ पन्नीला आतून थेंबथेंब चिकटते, मग त्या ओलीत सडवणारे जीवाणू माजतात आणि पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिनच विरघळवून टाकतात, पटलं फाटतात, आतला सगळा रस बाहेर. वरून जुडी हिरवीगार आणि मधे हात घातला की काळा चिकट लगदा! त्याला थंड पाणी काय करणार.

आणि माझं खरं दुखणं पुढेच आहे. आपल्या इंदूरात ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. म्हणजे सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की मी दारात उभा राहून तो लगदा पन्नीतून बोटांनी निपटतोय, पन्नी एका डब्यात, लगदा दुसऱ्यात, आणि त्याच हाताने मग पोहे खायचे. दोन-तीनदा झालं तसं, मग आईच्या जुन्या सुती साडीचे तुकडे काढले ते आजतागायत.

पिवळेपणा मात्र दोन्हीकडे येतो हं. पान म्हातारं झालं की हरितलवकं आधी मोडतात, हिरवा रंग जातो आणि आत दडलेला पिवळा दिसायला लागतो. टमाटर शेजारी ठेवू नका एवढं करा, त्यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि त्याने हे लवकर होतं.

तुमच्याकडे भाजी दोन दिवसांतच संपत असेल तर पन्नी चालेल कदाचित, मी भांडणार नाही. कोथिंबीर तर आमची ही अजूनही पन्नीतच ठेवते, भोकं पाडून, आत कागद घालून, आणि ती टिकते हेही खरंय.