एपिथेलियम लिहू की एंडोथेलियम?

भाची नीटची तयारी करतेय, काल विचारत होती मामा रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला नक्की काय म्हणायचं. गोंधळ होणारच, कारण एंडोथेलियम हा एपिथेलियमचाच एक प्रकार धरतात, आणि एपिथेलियम म्हणजे आपल्या शाळेतल्या पुस्तकातली ती अभिस्तर ऊती.

तिला म्हटलं, जागा बघ: त्वचा, गालाची आतली बाजू, आतडं हे एपिथेलियम. रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या आणि हृदयाच्या आतून एकच पातळ थर, तो एंडोथेलियम.

शब्दाचं वय म्हणशील तर एपिथेलियम १८व्या शतकाच्या सुरुवातीचा, डच शरीररचनातज्ज्ञ रॉयशचा, ग्रीक 'थेली' म्हणजे स्तनाग्र (हो, खरंच, ओठाच्या नाजूक त्वचेसाठी काढलेला शब्द), आणि एंडोथेलियम १८६५ चा, स्विस शरीररचनातज्ज्ञ विल्हेल्म हिसचा.

भरून येण्यात मात्र डोळ्यातल्या दोघांत जमीन अस्मानाचा फरक. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला पुढून नख लागलं तर ते एपिथेलियम दोनतीन दिवसांत भरतं, पण त्याच पडद्याच्या मागचा एंडोथेलियम माणसात जवळजवळ परत वाढतच नाही, गेल्या पेशी त्या गेल्याच. शिवाय तिथे रक्त नाही तरी नाव तेच, म्हणून नुसतं 'रक्ताचं अस्तर' असं पाठ करू नकोस.

नीटला एनसीईआरटीप्रमाणे 'स्क्वेमस एपिथेलियम' (चपट्या पेशींचं) टिक कर, मेडिकलला गेलीस किंवा हृदयविकारावर काही लिहिलंस तर एंडोथेलियमच लिही.