जीएनएम स्कूल की बीएस्सी नर्सिंग कॉलेज : शंभर खाटांच्या रुग्णालयाने काय सुरू करावे?

तालुक्याच्या गावी शंभर खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेच्या बैठकीत नर्सिंगचा विषय निघाला, की चर्चा इमारतीपासून सुरू होते आणि जागा किती मिळतील इथे येऊन थांबते. खरे तर सुरुवात दोन आकड्यांपासून व्हायला हवी: वॉर्डात रोज प्रत्यक्ष किती रुग्ण असतात, आणि पात्र शिक्षक किती मिळतात व टिकतात. बांधकाम पैशाने होते. हे दोन आकडे नुसत्या पैशाने वाढत नाहीत, आणि बरीचशी नर्सिंग स्कूले व कॉलेजे अडतात ती याच दोन ठिकाणी.

एएनएमचा (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवायफरी) विचार इथे बाजूला ठेवला आहे. दोन वर्षांचा तो अभ्यासक्रम मुख्यतः उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कामासाठी आहे. रुग्णालयाला स्वतःच्या वॉर्डांसाठी मनुष्यबळ हवे असेल, तर निवड जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, ही पदविका) आणि बीएस्सी नर्सिंग (ही पदवी) यांच्यातच करावी लागते.

मोजमापाचे मुख्य मुद्दे असे:

| मुद्दा | जीएनएम | बीएस्सी नर्सिंग |
|---|---|---|
| कालावधी | 3 वर्षे, शेवटी इंटर्नशिप | 4 वर्षे, 8 सत्रे. आठवे सत्र इंटर्नशिपचे |
| प्रवेश | बारावी कोणत्याही शाखेतून, इंग्रजीसह किमान 40 टक्के | बारावी विज्ञान (भौतिक, रसायन, जीव) व इंग्रजी, खुल्या वर्गाला किमान 45 टक्के, सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) |
| परीक्षा | राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ | महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक |
| स्वतःचे रुग्णालय | 100 खाटा | 100 खाटा |
| शिक्षक : विद्यार्थी | 1 : 10 | 1 : 10 |
| दरवर्षी 60 प्रवेश (प्रवेशक्षमता 60), सर्व वर्षे भरल्यावर शिक्षक | 18 | 24 |

वरवर पाहिले तर फरक फक्त एका वर्षाचा आणि सहा शिक्षकांचा दिसतो. पण ते शिक्षक कोणत्या पात्रतेचे लागतात, हे पाहिले की अंतर बरेच वाढते.

शिक्षक

भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल, नर्सिंग शिक्षणाचे निकष ठरवणारी केंद्रीय संस्था) निकषांप्रमाणे जीएनएम स्कूलच्या प्राचार्यपदासाठी एमएस्सी नर्सिंग व 3 वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, किंवा बेसिक (बारावीनंतरची) वा पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची) बीएस्सी व 5 वर्षांचा अध्यापनाचा अनुभव चालतो. ट्यूटर बीएस्सी झालेले असले तरी पुरते. त्यामुळे तुमच्याच रुग्णालयात वॉर्ड सांभाळणाऱ्या, शिकवण्याची आवड असलेल्या बीएस्सी सिस्टरना पुढे आणता येते. मात्र एकदा ट्यूटर म्हणून दाखवल्यावर त्यांना वॉर्डच्या ड्यूटी रोस्टरमध्ये धरायचे नाही. एकच व्यक्ती दोन्ही यादीत असेल, तर तपासणीला आलेली समिती हजेरीपट आणि पगारपत्रक शेजारी ठेवून ते लगेच ओळखते.

बीएस्सी कॉलेजचे चित्र वेगळे आहे. प्राचार्य एमएस्सी नर्सिंग हवेत आणि अनुभव एकूण 15 वर्षांचा, त्यातली 10 वर्षे एमएस्सीनंतर महाविद्यालयीन अभ्यासक्रमात शिकवलेली. उपप्राचार्यांसाठी 12 वर्षे, त्यात 10 अध्यापनाची. 40 ते 60 प्रवेशक्षमतेला यांच्याशिवाय 2 सहयोगी प्राध्यापक, 3 सहायक प्राध्यापक आणि 10 ते 18 ट्यूटर लागतात. सहायक प्राध्यापकालाही एमएस्सी आणि 3 वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. शिवाय मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य या पाचही विषयांतले एमएस्सी हवेत. पाचही जण मेडिकल-सर्जिकलचे असतील, तर संख्या भरते, पण शिकवणे भरत नाही.

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरच्या बाहेर गेलात, की मानसिक आरोग्यातली एमएस्सी शिक्षिका मिळणे सगळ्यात अवघड. मिळाली तरी ती एकटीच असते आणि तिच्या बाळंतपणाच्या रजेत किंवा नोकरी बदलल्यावर तो विषय वर्षभर उघडा पडतो. म्हणून शिक्षकांची यादी करताना प्रत्येक विषयापुढे एक नाव लिहून समाधान मानू नका. दुसरे नाव कोणते, हेही तेव्हाच लिहा.

अर्धवेळ नर्सिंग शिक्षक 1 : 10 च्या गणतीत धरले जात नाहीत. इंग्रजी, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, आहारशास्त्र अशा विषयांना बाहेरून शिक्षक घेता येतात, पण ते या संख्येवर जादा असतात. बजेट आखताना ही चूक फार होते: आठवड्यातून दोनदा येणाऱ्या मंडळींना धरून 24 चा आकडा जुळवला जातो आणि पहिल्याच तपासणीत तो 17 वर येतो.

आणखी एक अट कागदावर लहान आणि प्रत्यक्षात मोठी आहे. प्राचार्यांसह प्रत्येक नर्सिंग शिक्षकाने रोज किमान 4 तास वॉर्डात किंवा क्षेत्रात शिकवण्यासाठी द्यायचे असतात. प्राचार्यांना प्रवेश, पत्रव्यवहार, वसतिगृह आणि विश्वस्तांच्या बैठका यांत अडकवले, की ही अट पहिल्यांदा मोडते. त्यावर उपाय एकच: कार्यालयाला अधीक्षक, लेखनिक, ग्रंथपाल, वसतिगृहाला वॉर्डन ही माणसे पहिल्या दिवसापासून नेमा. त्यांच्या पगारात वाचवलेला पैसा शिक्षकांच्या वेळेतून जातो.

पहिल्या वर्षी सगळे 18 किंवा 24 लागत नाहीत, नव्या तुकडीबरोबर दरवर्षी वाढ करावी लागते. ही सवलत वाटते, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भरती मागे पडली, तर त्याची झळ आधीच प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना बसते.

रुग्ण

शंभर खाटा म्हणजे शंभर रुग्ण नव्हेत. किमान 75 टक्के खाटा भरलेल्या असाव्यात असा निकष आहे. म्हणजे 75 रुग्ण धरा. विद्यार्थी आणि रुग्णांचे प्रमाण 1 : 3 ठेवायचे, तर एका वेळी वॉर्डांत 25 विद्यार्थी. सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्या केल्या, तरी 50. आता 60 प्रवेशक्षमतेच्या बीएस्सीचे पूर्ण भरल्यावर 240 विद्यार्थी होतात, जीएनएमचे 180. वर्ग आणि सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगवर (प्रत्यक्ष कामाच्या नेमणुकीवर) असलेले वजा केले, तरी उरलेले या 75 रुग्णांत मावत नाहीत. संलग्न रुग्णालये घ्यावीच लागतात.

संलग्न रुग्णालय किमान 50 खाटांचे आणि साधारण 15 ते 30 किलोमीटरच्या आत हवे. डोंगराळ व आदिवासी भागांत 50 किलोमीटरपर्यंत मुभा आहे. खाटांच्या एकूण आकड्यापेक्षा त्या कोणत्या विभागाच्या आहेत, हे आधी पाहा. अस्थिरोगाचे शंभर खाटांचे उत्तम रुग्णालय असेल, तर सर्जिकल अनुभव भरपूर मिळेल. पण प्रसूती आणि बालरोगासाठी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या दारात उभे राहावे लागेल, जिथे आधीच दोन-तीन संस्थांच्या बॅचेस असतात. एकाच प्रसूतीच्या खोलीत तीन संस्थांच्या मुली उभ्या असल्या, की एक हात लावते आणि बाकीच्या पाहतात. लॉगबुकमध्ये मात्र सगळ्यांच्या नावावर तीच प्रसूती चढते. अशी मुलगी पुढे रात्रपाळीला एकटी असताना रक्तस्राव ओळखायला उशीर करते. हे टाळायचे असेल, तर करारपत्रावर सही घेण्याआधी त्या विभागात महिन्याला किती प्रसूती होतात आणि आणखी कोणाचे विद्यार्थी येतात, हे सिस्टर इन्चार्जला विचारा.

मानसिक आरोग्याची अडचण वेगळीच. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. लातूर-नांदेडकडच्या संस्थेला तुकड्या बाहेरगावी राहायला पाठवाव्या लागतात. राहण्याजेवण्याचा खर्च, सोबत एक शिक्षिका आणि तेवढे दिवस तिच्या इतर तासांची सोय, हे सगळे वार्षिक आराखड्यातच बसवावे लागते.

सिद्धान्ताला 80 टक्के हजेरी पुरते, पण प्रात्यक्षिकाची हजेरी प्रमाणपत्र किंवा पदवीच्या आधी 100 टक्के पूर्ण व्हावी लागते. आजारी पडलेल्या विद्यार्थ्याचे राहिलेले पोस्टिंग भरून काढायला मोकळे आठवडे ठेवले नाहीत, तर शेवटच्या महिन्यात खोट्या सह्यांचा मोह होतो.

मालकीचाही मुद्दा आहे. रुग्णालय संस्थेचे किंवा विश्वस्ताच्या मालकीचे हवे आणि ते दुसऱ्या नर्सिंग संस्थेला दाखवता येत नाही. याचे हमीपत्र किमान 30 वर्षांचे असते. विश्वस्त असलेल्या डॉक्टरांच्या पुढच्या पिढीला रुग्णालय चालवायचे आहे का, हे आजच विचारून घ्या.

इमारत आणि परवानग्या

इथे दोन्ही अभ्यासक्रमांत फार फरक नाही. फाउंडेशन लॅब (मूलभूत शुश्रूषेच्या सरावाची खोली), सामुदायिक आरोग्य, आहार, प्रसूती-बालरोग, प्रीक्लिनिकल आणि संगणक कक्ष दोघांनाही लागतात. बीएस्सीला एक वर्गखोली जास्त. फाउंडेशन लॅबमध्ये सराव करणाऱ्या सहा जणांमागे एक खाट हे प्रमाण नीट पाळा, कारण वॉर्डातली कमतरता काही अंशी इथेच भरून निघते.

दोन्हींसाठी राज्य शासनाचे इसेन्शियलिटी सर्टिफिकेट (संस्थेची गरज असल्याचा दाखला), राज्य नर्सिंग कौन्सिल आणि भारतीय परिचर्या परिषदेची तपासणी लागते. बीएस्सीला त्यावर विद्यापीठाची संलग्नता आणि विद्यापीठाच्या निवड समितीमार्फत शिक्षकांना मान्यता. नुसती नेमणूकपत्रे दिलेले शिक्षक तिथे मान्य शिक्षक म्हणून मोजले जात नाहीत.

2023 साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झाला असून 1947 च्या परिषद कायद्याची जागा तो घेणार आहे. जीएनएम बंद करण्याचा निर्णयही मध्यंतरी झाला होता आणि मागे घेतला गेला. त्यामुळे जीएनएम सुरू करणाऱ्यांनी पुढे बीएस्सीत रूपांतर करता येईल असाच आराखडा ठेवावा: चौथ्या वर्गखोलीची जागा, आणि बीएस्सी ट्यूटरना एमएस्सीसाठी पगारी रजा.

मग कोणी काय घ्यावे?

शहराजवळचे, सर्व विभाग चालणारे रुग्णालय, हातात निदान पाच विषयांचे एमएस्सी शिक्षक आणि विद्यापीठाला मान्य होतील असे प्राचार्य असतील, तर थेट बीएस्सी घ्या. मुलींना पदवी मिळते, पुढे एमएस्सीचा रस्ता सरळ राहतो.

यातले प्राचार्य नसतील, किंवा विज्ञान शाखेची मुले त्या भागात कमी असतील, तर जीएनएम. कला शाखेतून आलेल्या मुलींना पहिले सहा महिने शरीररचनाशास्त्र आणि इंग्रजीसाठी रोज एक जादा तास ठेवा. गळती याच काळात होते. त्यांना पुढे दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीने पदवी घेता येते.

आणि रोजचे रुग्ण 75 च्या खाली असतील, तर आत्ता कोणताच अर्ज करू नका. आधी बालरोग आणि प्रसूती विभाग पूर्ण वेळ डॉक्टरांसह चालू करा, सलग बारा महिन्यांची दैनंदिन रुग्णनोंद जमवा आणि त्या नोंदवहीवरून प्रवेशक्षमता ठरवा.