एच (etch) प्राइमर की इपॉक्सी? आणि पत्र्याच्या आतल्या बाजूचं काय?

जुन्या गाडीचा रंग खरवडून पत्रा उघडा केला की दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस छटा दिसायला लागते. त्यामुळे प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, आधीच ठरवून ठेवावा.

एच प्राइमरमधलं फॉस्फोरिक अ‍ॅसिड पत्र्याला किंचित चावतं, म्हणून पकड उत्तम. थर पातळ, वाळतो पटकन. पण तो सच्छिद्र असतो. वरचा थर रखडला तर ओल थेट लोखंडापर्यंत जाते. शिवाय त्यावर पॉलिएस्टर पुट्टी (खड्डे भरायचा लगदा) भरणं धोक्याचं, नंतर ती सुटू शकते.

इपॉक्सी जरा कटकटीचा. हार्डनर (तो घट्ट करणारा दुसरा भाग) मिसळला की ठरलेल्या वेळेत संपवायचा, थंडीत तो वाळायला रेंगाळतो, आणि पुढचा थर द्यायची मुदत टळली तर पुन्हा घासायचं. पण पाणी अडवण्यात तो कितीतरी सरस. पुट्टीही त्यावर बिनधास्त भरता येते. काम महिनोन्महिने रेंगाळणार असेल (आणि रेंगाळतंच), तर सरळ इपॉक्सी घ्या. फक्त उन्हात तसाच उघडा सोडू नका. दोन्ही मारले म्हणजे दुप्पट संरक्षण, असंही नाही: एचवर इपॉक्सी मारायला बरेच उत्पादक मनाई करतात.

गंज आधीच धरला असेल तर कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) मारायचा की पत्रा कापायचा? टॅनिक अ‍ॅसिडवाला कन्व्हर्टर गंजाचं काळं, स्थिर संयुग बनवतो. चकचकीत पत्र्यावर त्याला कामच नाही. जाड पोपडा असेल तर वरचा थर काळा होतो आणि खाली खाणं चालूच राहतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पत्रा दबला किंवा टोक आत गेलं, तर तो तुकडा कापून नवा जोडा.

खरी लढाई मात्र आतल्या बाजूला असते. दाराच्या तळाची दुमड, सिल (दाराखालची पोकळ पट्टी), मडगार्डची कड, जिथे दोन पत्रे एकावर एक येतात तिथे पाणी फटीत ओढलं जातं. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा गंज बहुतेक वेळा आतून आरपार आलेला असतो. इथे पर्याय दोन: कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत फवारायचं मेण) किंवा डांबरी अंडरकोट (खालच्या बाजूला मारायचा जाड थर). डांबरी थर दगड-खडी झेलतो, पण कालांतराने कडक होऊन तडकतो. मग त्यामागे पाणी साचतं आणि गंज दिसतही नाही. वॅक्स मऊ राहतं, सांध्यात झिरपतं, काही वर्षांनी पुन्हा मारावं लागतं. पोकळ भागांसाठी वॅक्सच. डांबरी थर चाकांच्या कमानीत चालेल, तोही इपॉक्सीवर.

वॅक्स वेल्डिंग आणि रंगकाम उरकल्यावरच. आधी मारलं तर रंग धरत नाही आणि ठिणगीने पेटतं. मारून झाल्यावर दार आणि सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा, नाहीतर वॅक्सनेच ती बुजतात.